गरम पाण्याचा रकाना

डॉक्टर चहा पिण्याआधी त्याचे तापमान पाहत. शर्टाच्या ज्या खिशात इतरांचे पेन असते, त्या खिशात त्यांचा काचेचा थर्मामीटर असे, पितळेच्या बारीक नळीत जपून ठेवलेला. भोरच्या एसटी स्टँडासमोरच्या टपरीवर ग्लास हातात आला की ते नळीचे टोपण फिरवून काढत, थर्मामीटर चहात बुडवत आणि पारा स्थिरावेपर्यंत एक अक्षर बोलत नसत. आल्याची आणि गवती चहाची वाफ त्यांच्या चष्म्यावर बसे आणि हळूहळू विरून जाई. टपरीवाल्याला हा रोजचा सोहळा पाठ झाला होता.

"उतरला का ताप, डॉक्टर?" तो विचारी.

"उतरतोय. पेशंटला घाई करू नये."

"तुमी पिऊस्तवर दुसरी एसटी बी निघून जाती."

"जाऊ दे. मला अजून कोणी बोलावलेलं नाही."

टपरीवाला हसे, पण ते हसू अर्ध्यावर थांबे. डॉक्टरांना कोण बोलावते आणि केव्हा, हे त्याला ठाऊक होते.

डॉक्टर मेंदूपेढीचे काम करत. रक्तपेढी सगळ्यांना माहीत असते, नेत्रपेढीही. मेंदूपेढी म्हटले की ऐकणाऱ्याचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे जातो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. ज्यांनी आयुष्यभर मनाचे मोठे आजार सोसले, आणि ज्यांनी सोसले नाहीत, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांचे मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर, घरच्यांच्या संमतीने जपून ठेवायचे, म्हणजे पुढे कोणी अभ्यास करू पाहील त्याला ते तुलनेसाठी मिळतील, असे ते काम. पेढी पुण्यातल्या एका संस्थेत होती. डॉक्टर तिथून निवृत्त झाले, पण सुटले नाहीत. मेंदू कसा काढावा, किती वेळात, कसा ठेवावा, घरच्यांना काय विचारावे, या सगळ्याची एकच रीत ठरवण्याचे काम त्यांच्याकडे राहिले. आणि ती रीत खेड्यापाड्यांत टिकते का हे पाहायला ते भोरला येऊन राहिले. नीरेच्या बाजूला एक वरची खोली, एक पलंग, एक फळी. खिडकी उघडली की नदीचा शेवाळी वास आत येई, आणि डॉक्टर प्रथम त्या वाऱ्याचेही तापमान पाहत असावेत असा मला संशय आहे.

मी त्यांच्याकडे गेले ती भाषेसाठी. मराठी कवितेचा अभ्यास संपवून मी नुकतीच मोकळी झाले होते, आणि त्यांना घरच्यांना समजेल असे माहितीपत्रक लिहून हवे होते. मी फार मनापासून लिहिले. त्यात 'मौल्यवान दान' होते, 'थोर निर्णय' होता, आणि 'अथांग मन' असा एक शब्द मी विशेष प्रेमाने योजला होता. डॉक्टरांनी पेन्सिल घेतली आणि सुईणीने नाळ कापावी तशा निर्विकारपणे एकेक शब्द कापत गेले. कागदाच्या शेवटी क्रियापदे तेवढी उरली.

"विशेषण म्हणजे न मोजलेलं तापमान," ते म्हणाले. "अथांग आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? थांग घ्यायला कोणी गेलंय का अजून?"

मला राग आला होता. आज वाटते, त्या दुपारी मी कवितेविषयी जे शिकले ते मला वर्गात कोणी शिकवले नव्हते.

एकसारखेपणाचा त्यांना ध्यास होता. पेरू असो, पाव असो, त्याच्या फोडी ते सारख्याच जाडीच्या करत. पेरू कापताना बाजूला छोटी स्टीलची पट्टी ठेवत. पेढीत मेंदूचे कापही असेच, ठरलेल्या जाडीचे, ठरलेल्या दिशेने घेतले जात, आणि ती सवय त्यांच्या बोटांत इतकी मुरली होती की वाकडीतिकडी फोड त्यांना दुखल्यासारखी वाटे. प्रयोगशाळेतले औषध त्यांच्या हातांना नेहमी किंचित वास देई. त्या हातांनी कापलेल्या पेरूचा गोड गंध आणि तो तिखट, डोळ्यांत शिरणारा वास एकत्र झाला की मला कधी किळस आली नाही, उलट उगाच शांत वाटे. जपणे या गोष्टीला वास असेल तर तो असा असावा.

पेढीच्या शीतगृहात शिरण्याआधी ते दारावर टकटक करत. आत कोणी जिवंत नसे. तरी बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवून, क्षणभर थांबून मग कडी काढत. आत ठेवलेल्यांना ते नमुने म्हणत नसत, 'मंडळी' म्हणत. "मंडळींची वीज गेली होती का रात्री?" "मंडळींत एक जण वाढलेत." मी एकदा विचारले की टकटक कशासाठी. ते म्हणाले, "न सांगता शिरण्याची सवय लागू नये म्हणून."

हे सारखेपण एवढे का हवे, असे कोणी विचारले की ते पायलीची गोष्ट सांगत. त्यांचे आजोळ भाटघरच्या बाजूला. ते सांगत, की पूर्वी तिथे प्रत्येक गावाची पायली वेगळी असे. एका गावची पायलीभर नाचणी दुसऱ्या गावी नेली की ती मापात बसेना, मग माणसे एकमेकांना लबाड म्हणत. लबाडी कोणाचीच नसे, माप वेगळे असे. "मनाच्या आजारांचं आमचं शास्त्र अजून त्या पायलीपाशी आहे," ते म्हणत. "एक जण मेंदू लगेच गोठवतो, दुसरा सुट्टी संपल्यावर. एक जण आजाराची माहिती बायकोला विचारतो, दुसरा सरपंचाला. आणि मग दोघं भांडतात की तुझ्या मेंदूत दिसलं ते माझ्यात का नाही. एकट्या मेंदूला बोलता येत नाही. पुष्कळ हवेत, आणि सगळे एका मापानं ठेवलेले हवेत. तेव्हा कुठे काही ऐकू येईल."

म्हणून ते नाकारतही. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने शहरातल्या रुग्णालयातून मेंदू पाठवला, त्याबरोबरच्या कागदावर मृत्यूची वेळ 'अंदाजे पहाटे' अशी लिहिली होती. डॉक्टरांनी तो संशोधनासाठी घेतला नाही. शिकवण्यासाठी वेगळा ठेवला. विद्यार्थी फोनवर काकुळतीला आला. डॉक्टर शांतपणे ऐकत राहिले, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अंदाजे पहाट तुमच्याकडे ठेवा. कवितेत चालेल."

मात्र हट्टी माणसे ऐकत नाहीत, हे डॉक्टरांच्या बाबतीत खरे नव्हते. प्रश्नांची यादी आम्ही करत होतो तेव्हाची गोष्ट. मृत माणसाच्या घरी जाऊन त्याच्या आजाराविषयी विचारायचे, तर प्रत्येक घरी तेच प्रश्न, त्याच क्रमाने. मी पहिला प्रश्न लिहिला होता, 'ते वारंवार उदास असत का?' डॉक्टर म्हणाले, हा शब्द चालतो का ते पाहून येऊ. आम्ही किकवीला गेलो. महामार्गाजवळच्या एका बांधावर बायका भाकरीचे फडके सोडून बसल्या होत्या. डॉक्टर चपला काढून त्यांच्यासमोर बसले, जसे शाळेत बसतात.

"तुमच्यात उदास कोणाला म्हणतात?"

"उदास?" एक जण म्हणाली. "त्ये शिनेमात आसत्यात."

"आणि घरात?"

"घरात उदास व्हऊन कसं चालंल? धारा कोन काडील, तुमी?"

हशा पिकला. डॉक्टरांनी तो पूर्ण ओसरू दिला. मग कडेला बसलेली एक बाई, भाकरीचा तुकडा हातातच धरून, म्हणाली, "माज्या जावंचं मन उडालं हुतं. चूल पेटवायची आन् म्होरं नुस्ती बसायची. जाळ इझायचा. भाकर टाकायची न्हाई." तिच्या आवाजात काही नव्हते, तिने नुसते सांगितले. हायवेवरून ट्रक गेला, त्याची धूळ आमच्या ओठांवर बसली.

परतताना डॉक्टर म्हणाले, "तुमचा शब्द काढून टाका. शब्द गावोगाव बदलतो, विझलेली चूल सगळीकडे सारखीच असते. कोणती कामं सुटली, हे विचारा." त्यानंतर आमच्या यादीत उदास, दुःखी, भ्रमिष्ट असे काही उरले नाही. चूल, गोठा, आंघोळ, झोप, पोरांची नावे, असे उरले. कवितेच्या माणसाला हे नवे नव्हते, पण शास्त्राच्या माणसाने ते मला पटवावे हे नवे होते.

आता पानशेतच्या पाण्यामागच्या डोंगरातल्या त्या घराविषयी लिहिले पाहिजे, कारण डॉक्टर आठवले की मला ते घर आठवते.

वेल्ह्याच्या त्या वरच्या बाजूला थोड्याशा घरांचा एक धनगरवाडा आहे. गाडी खाली ठेवून कारवीच्या झुडपांतून चढावे लागते. हिवाळ्यात पायवाट वाळलेल्या गवताने निसरडी होते आणि बकऱ्यांचा उग्र, उबदार वास घरांच्या कितीतरी आधी भेटायला येतो. तिथल्या एका माणसाला तरुणपणापासून धरणाच्या पाण्यातून हाका ऐकू येत. पुण्याच्या गोळ्यांनी पुढे बरे चालले होते. तो बकऱ्या राखी, घोंगडीची गाठ मारून उतारावर बसून राही. औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पेढीविषयी सांगितले होते आणि त्यानेच आम्हाला बोलावले. अंगणात बसून त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मेल्याव न्या. जित्तेपनी नगं. आजून लागतंय थोडं."

त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून होती. मी तिला मावशी म्हणत असे. ती डॉक्टरांना म्हणाली, "येक इचारू? वाडीतली लोकं म्हनत्यात, म्या ह्यास्नी काय तरी चारलं. लगीन झाल्यावर सुरू झालं न्हवं. तुमी आत बगा आन् सांगा."

तिला एवढेच हवे होते. पस्तीस-चाळीस वर्षे ती त्या एका आरोपाखाली चालत होती, आणि तिला वाटत होते की डोके उघडले की आत उत्तर असेल.

दुसऱ्या कोणी तिला हो म्हटले असते. डॉक्टर म्हणाले, "यांच्या एकट्याच्या मेंदूवरून मला काही सांगता येणार नाही, बाई. असे पुष्कळ एकत्र ठेवले की कधीतरी कळेल. तुमच्या माझ्या हयातीत कळेलच असंही नाही. पण तुम्ही काही चारलं नाहीत हे सांगायला मला आत बघावं लागत नाही. हा आजार चारून होत नाही."

ती म्हणाली, "मंग त्या पुष्कळात ह्यास्नी ठिवा. बाकीच्यास्नी बी त्येंच्या बायकांनी चारलं न्हवतं, आसं तरी व्हईल."

डॉक्टरांनी मग तिला नेम सांगितला. गरमपणाने मेंदू लवकर नासतो. म्हणून श्वास थांबला की आम्हाला कळवायचे, आम्ही येईपर्यंत डोक्याला गार फडके गुंडाळायचे आणि गरम पाण्याने आंघोळ घालायची नाही. आधी आम्ही, मग आंघोळ; आणि तीही मानेखालून, कारण काम झाल्यावर डोक्याला टाके आणि पट्टी असते. भोरमध्ये, खालच्या गावांत, हे लोकांनी मान्य केले होते. तिने "व्हय" म्हटले, पण ते म्हणताना ती डॉक्टरांकडे नव्हे, नवऱ्याकडे पाहत होती. तो बकरीच्या कानातली गोचीड काढण्यात गुंतला होता.

पौषात छातीच्या दुखण्याने तो गेला. मावशीच्या दिराचा फोन आला तेव्हा उजाडत होते. आम्ही वर पोहोचलो तेव्हा ऊन नुकते अंगणाच्या कडेला लागले होते, आणि घरे दिसण्याआधी मला धुराचा वास आला. ऐनाच्या लाकडाचा, ओलसर, गोडसर धूर. दाराबाहेर तीन दगडांची चूल होती, तिच्यावर तांब्याचा हंडा. अंगणात घोंगडीवर तो निजला होता. डोक्याला फडके नव्हते.

दीर पुढे आला. "म्या सांगितलं वयनीला. आयकत्यात कुठं."

मावशी चुलीपाशी उकिडवी बसली होती. डॉक्टर हंड्याजवळ गेले, नळी उघडली आणि थर्मामीटर पाण्यात धरला. सगळी वाडी उभी राहून पाहत होती. कोणी हसले नाही.

"फार गरम आहे," डॉक्टर म्हणाले.

"त्यास्नी आसंच लागतं."

"आपलं ठरलं होतं, बाई."

"ठरलं हुतं. फडकं भिजवलं म्या, वढ्याच्या पान्यात. कपाळाव ठिवाय गेले." तिने हात उलटा करून पाहिला. "न्हाई ठिवता आलं."

डॉक्टर वाट पाहत राहिले. किकवीच्या बांधावर पाहत होते तशीच.

"लगीन झाल्यालं नवंच," ती म्हणाली. "देवऋषाकडं नेलं हुतं. त्येनं वढ्यात हुबं केलं, आसल्याच थंडीत, आन् घागरीवं घागर वतली डोस्क्याव. आतलं भाईर निगल म्हनं. धरून ठिवलं हुतं चौगांनी. हे माज्याकडं बगत वरडत हुते. तवाधरनं गार पान्याचा थेंब लावला न्हाई म्या ह्यास्नी. आंगुळीचं पानी आदी माज्या हाताव, मंग त्येंच्या. डोस्क्याव कोन पानी वतू दीत न्हवते, माज्या हातचंच तेवडं घ्यायचे."

दीर हलक्या आवाजात म्हणाला, "वयनी, गाडी खाली थांबलीया. ह्यांनी नापास केलं तर भावाचा शबुद जाईल."

ती डॉक्टरांकडे वळली. "गरम पानी घातलं तर न्हाई घेनार?"

"सांगता येत नाही."

"तुमचा नेम काय म्हनतो?"

"नेम नाही म्हणतो."

लाकूड तडकले. तिने विचार केला असे म्हणवत नाही. तिने फक्त लाकूड थोडे आत सारले. "मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लोकं बोलत्यात, बोलू द्यात. पर आंगुळ म्याच घालनार, डोस्क्यावनं."

त्या एका वाक्यात तिने ते सगळे सोडून दिले, ज्यासाठी तिने आम्हाला त्या डोंगरावर येऊ दिले होते. मला डॉक्टरांकडे बघवेना. नेमाला कधी मुरड न घालणारा तो माणूस थर्मामीटर रुमालाने पुसत होता. आधीच कोरडा झालेला थर्मामीटर पुसतच राहिला होता.

"घाला," ते म्हणाले.

"आन् डोस्कं?"

"डोक्यावरूनच घाला. मग आम्ही नेतो."

"आन् तुमचा नेम?"

"त्याच्याशी मी बोलतो."

तिने तांब्या भरला. आधी स्वतःच्या मनगटावर पाणी ओतून पाहिले, कित्येक वर्षे पाहत आली तसे. मग त्याच्या कपाळावर डावा हात आडवा धरला, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून, आणि हळू धार सोडली. पांढऱ्या केसांतून वाफ निघाली. पाणी कानांमागून घोंगडीत उतरले आणि ओल्या लोकरीचा वास थंड हवेत पसरला. कोणी रडत नव्हते. ती खालच्या आवाजात काहीतरी म्हणत होती, बहुधा, झालं, झालं, असे.

डॉक्टर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "लिहा," ते पुटपुटले. "गरम पाणी. डोक्यावरून. पत्नीच्या हाताने."

"असा रकाना नाही, डॉक्टर."

"करा."

"कोणाच्या हाताने, हेही?"

"तेही."

झोळीतून त्याला खाली नेले. खालच्या गावातल्या शवागारात काम झाले, डोक्याला पट्टी बांधून तो पुन्हा वर गेला, आणि बर्फाची पेटी घेऊन आम्ही पुण्याकडे निघालो. डॉक्टर वाटेत एकदाच बोलले. "नियम मोडला असं लिहू नका. नियम अपुरा होता असं लिहा. त्यात फरक आहे."

पुढे पेढीच्या समितीची बैठक झाली. मी टिपणे घ्यायला होते. समितीतल्या दोघातिघांनी सरळ सांगितले की हा मेंदू बाजूला ठेवावा. डॉक्टरांनीच लिहिलेला नेम डॉक्टरांनाच कसा लागू नाही? डॉक्टरांनी राग मानला नाही. त्या ऊतीचा आम्लपणा किती, तिची अवस्था काय, सगळी मोजमापे त्यांनी समोर ठेवली. ती पेढीच्या मर्यादेत बसत होती.

"म्हणजे आंघोळीनं बिघडत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?" एकांनी विचारले.

"एकावरून काहीच म्हणता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर बंदी नको, नोंद हवी. आजार असलेल्यांची, नसलेल्यांची, सगळ्यांची. आंघोळ घातली का, पाणी कसं होतं, मृत्यूनंतर किती वेळानं. मग कधीतरी कळेल बिघडतं का. पण बंदी घातलीत तर काय होईल ते बघा. ज्यांना गरम पाण्यानं न्हाऊ घालणारं कोणी आहे, ते इथे येणारच नाहीत. ज्यांचं कोणी नाही, तेवढे येतील. मग आपण एकटेपणाचा मेंदू तपासू आणि आजाराचा समजू."

माझे टिपण थांबले होते. त्या भाषणात न मोजलेले एकही विशेषण नव्हते.

रकाना मंजूर झाला. 'कोणाच्या हाताने' हे मात्र समितीने काढून टाकायला सांगितले, कारण त्याचा शास्त्राशी संबंध दाखवता येत नव्हता. डॉक्टरांनी लगेच मान्य केले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "ते मी मोजलेलं नाही."

फाल्गुनात आम्ही पुन्हा वर गेलो. काटेसावरी फुलल्या होत्या. पायवाटेवर जाड, मांसल, लाल पाकळ्या पडल्या होत्या आणि बकऱ्या त्या चवीने खात होत्या. डॉक्टर थांबत, दम घेत चढले. फोनवर सांगता आले असते, मी म्हटले होते.

मावशी घरात कुडाशी बसून घोंगडी उसवत होती. दीर घोंगडे अंथरायला धावला.

"घेतला," डॉक्टर बसता बसता म्हणाले. "पेढीत आहेत ते."

तिचे हात थांबले. "गरम पान्यासकट?"

"गरम पाण्यासकट."

"पुष्कळात?"

"पुष्कळात. बायका आहेत, बाप्ये आहेत. कोणाला काही चारलेलं नव्हतं."

दीर बाहेर बघत म्हणाला, "वाडीला सांगाय पायजेल ह्ये."

"सांगा की," ती म्हणाली. "तुमी बी म्हनत हुता येके काळी."

दिराने मान खाली घातली. नंतर तो उठून खरेच शेजारच्या घरांकडे गेला. त्याचा आवाज कुडाआडून अस्पष्ट ऐकू येत होता, एकेका दाराशी थांबत पुढे जाणारा.

मावशीने घोंगडीचा धागा बोटाला गुंडाळला. "ठिवलंय कशात?" तिने विचारले. "गारव्यात ठिवत्यात म्हनं."

मला मनापासून वाटले की डॉक्टरांनी आज तरी काही गोड बोलावे. त्यांना ते जमले नसते आणि तिला ते कळले असते.

"मेंदूचे दोन भाग असतात," ते म्हणाले. "एक गोठवून ठेवतात. बर्फापेक्षा पुष्कळ गार."

धागा बोटावर ताणला गेला. बोटाचे टोक पांढरे झाले.

"आणि दुसरा?" मी विचारले.

"दुसरा बरणीत, औषधाच्या पाण्यात. ती बरणी साध्या खोलीत असते. आपण आता बसलोय तेवढीच ऊब असते तिथे. ऊन नाही, पण गारठाही नाही."

तिने त्या खोलीचा अंदाज घेतल्यासारखे आपल्या घराकडे पाहिले; काळवंडलेल्या आढ्याकडे, शेणाने सारवलेल्या जमिनीकडे.

"मंग गारठ्यातला तुमचा," ती म्हणाली. "बरनीतला माजा."

"अभ्यासाला दोन्ही सारखेच लागतात, बाई."

"लागू द्यात की तुमास्नी." तिने बोटाचा धागा सैल केला. "बरनीत कंचा हाय? उजवा का डावा?"

"डावा."

तिच्या चेहऱ्यावर, ओठांच्या एका कोपऱ्यात, काहीतरी मऊ झाले.

"डाव्या कुशीवच निजायचे," ती म्हणाली, आणि बकऱ्या सोडायला उठली.